हाताला वळण नाही म्हणजे नेमकं काय नाही?

मागच्या महिन्यात आमच्याकडे नात्यातलं लग्न होतं. दुपारच्या पंगती बसल्या. वाढणाऱ्यांमध्ये एक नवा पोरगा होता, त्याला घरातल्या जुन्या गोष्टी ठाऊक नव्हत्या. त्याने वरणाची बादली उचलून बाजूला उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिली. त्याबरोबर मांडवाच्या तीन कोपऱ्यांतून आवाज आला, "अबे, त्याच्या हाती नको देऊ! सांडवते तो!" सगळे हसले. भाऊही हसला. बादली खाली ठेवली आणि पाण्याचे ग्लास मोजायला निघून गेला.

भाऊ अडतीस वर्षांचा आहे. धानपट्ट्यातल्या एका राईस मिलचा सगळा हिशेब त्याच्याकडे असतो. आज किती धान आलं, किती तांदूळ निघाला, कनी किती, कोंडा किती, हे तो वही न उघडता सांगतो. पण पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याने एका पाहुण्याच्या धोतरावर वरण सांडलं होतं, आणि आमच्या नात्यागोत्यात त्याची ओळख आजही तीच आहे.

ओरडणाऱ्या तिघांपैकी एक मी होतो. सगळं माहीत असून ओरडलो. तोंडाला सवय लागलेली असते. म्हणून ही पोस्ट. (त्याला आधी वाचायला दिली. दोन ओळी त्याने काढायला लावल्या, त्या काढल्या.)

सगळं माहीत असून म्हणजे काय, ते सांगतो. भावाच्या या सांडवण्याला, धडकण्याला, अडखळण्याला नाव आहे. डिस्प्रॅक्सिया. डॉक्टर लोक त्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. यात स्नायूंची ताकद कमी नसते, बुद्धी कमी नसते, डोळे-कान शाबूत असतात. मेंदूने हालचालीची जी आखणी करायची असते, ती नीट बसत नाही. आपण चहाचा कप उचलतो तेव्हा बोटं किती उघडायची, जोर किती लावायचा, कोपर कुठे ठेवायचं हे ठरवत बसत नाही, ते आपोआप होतं. भावाला त्यातलं बरंचसं ठरवून करावं लागतं. रोज, प्रत्येक कपाला. शिवाय घाई झाली किंवा कुणी टक लावून बघत असलं की जमलेलं कामही विस्कटतं. आता पंगतीइतकी घाईची आणि टक लावून बघणारी जागा दुसरी कोणती आहे सांगा.

हे दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं जे पुस्तक जगभर वापरतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत ५ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये याचं प्रमाण ५ ते ६ टक्के दिलं आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. मुदतीआधी किंवा कमी वजनाची जन्मलेली बाळं असतील तर त्यांच्यात जास्त. आईबापांच्या लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतं. हॅरी पॉटरचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ, त्याने २००८ मध्ये सांगितलं होतं की त्याला हे सौम्य प्रमाणात आहे आणि बुटाची नाडी बांधायला अजून त्रास होतो.

आमच्या घरात हे नाव दोन वर्षांपूर्वी आलं, तेही भावासाठी नाही. त्याच्या मुलीसाठी. दुसरीत होती. शर्टची बटणं लागत नव्हती, अक्षर ओळीबाहेर जायचं, दोरीवरच्या उड्या जमत नव्हत्या. शाळेतल्या एका बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं की हिला दाखवून आणा. नागपूरला नेलं. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पोरीकडून मणी ओवून घेतले, चेंडू झेलायला लावला, एका पायावर उभं केलं, लिहून घेतलं. मग सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? भावजय काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "मला. सगळं. हेच सगळं." परत येताना मूलपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, असं भावजय सांगत होती. मागाहून त्याचीही रीतसर तपासणी झाली आणि कागदावर नाव आलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मराठीत एक शब्द आहे, वळण. अक्षराला वळण असतं. मुलांना वळण लावतात. घराला वळण असतं, बाईच्या हाताला वळण असतं. शब्द एकच, पण त्यात हात आणि चारित्र्य दोन्ही कोंबलेले आहेत. ज्याचं अक्षर वेडंवाकडं, ज्याच्या हातून ताट निसटतं, त्याला 'वळण नाही', म्हणजे तो नीट वाढवला गेला नाही. दोष आधी पोराचा, मग त्याच्या आईचा. आमच्या आईने हे चाळीस वर्षं ऐकलं. आत्या, काकू, शेजारीण, सगळ्यांकडून. "मोठ्याले बरोबर वळण लावलं, लहान्याले डोक्यावर चढवून ठेवलं." आम्ही दोघं एकाच हाताखाली वाढलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि आमचे बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. त्यातून सुंदर अक्षराचे मास्तर. आजूबाजूच्या चार गावांतल्या लग्नपत्रिकांवरची नावं बाबांकडून लिहून घ्यायचे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार त्यांच्या हातचे. पाटीवर अक्षर गिरवून घ्यायची त्यांची पद्धत होती, पट्टी बाजूला ठेवलेली. त्यांनी शेकडो पोरांची अक्षरं खरोखर सुधारली. आजही कुणी तलाठी, कुणी ग्रामसेवक रस्त्यात वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "गुरुजी, अक्षर तुमच्यामुळे." एवढ्या माणसाच्या घरात हा पोरगा जन्माला आला, ज्याचं अक्षर बाबांना वर्गात लपवून ठेवावं लागायचं.

मला बाबांना खलनायक करायचं नाही. त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांचं गणित चूक नव्हतं. सरावाने अक्षर सुधारतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, पाचशेदा. मग एकाचं सुधरत नाही म्हणजे तो सराव करत नाही, मुद्दाम करतो, हट्टी आहे, याशिवाय दुसरा निष्कर्ष त्यांनी काढायचा कुठून? जी गोष्ट बहुतेकांना सरावाने येते तीच या लोकांच्या मुळावर येते. सराव यांनाही उपयोगी पडतो, पण वेगळ्या प्रकारे. नेमकं तेच एक काम लहान लहान तुकड्यांत मोडून, सावकाश, कुणी अंगावर न ओरडता करून घेतलं तर ते काम जमतं. एक काम जमलं म्हणून शेजारचं दुसरं आपोआप जमत नाही. चार रेघी वहीच्या शंभर पानांनी भावाचं अक्षर बदललं नाही. टॅली शिकला आणि लिहिण्याचा प्रश्नच उरला नाही. मिलमध्ये संगणक दोन वर्षं उशिरा आला असता तर हा माणूस आज हमाली करत असता, आणि हमालीतही मार खात असता.

पुढचा भाग माझा. मी त्याला तीन वेळा मोटरसायकल शिकवायला नेलं. तिसऱ्या वेळी त्याने एकदम क्लच सोडला, गाडी उडून बांधावर गेली. आजूबाजूला पोरं उभी होती. त्यांच्या समोर मी त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ही ओळ त्याने ठेवू दिली.

मोटरसायकल न येणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना कळणार नाही. आमच्या दोन जिल्ह्यांत गावाला दिवसातून दोन एसटी लागत असतील तर ते गाव नशीबवान. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, इकडे जिवती, तिथल्या आतल्या गावांचं तर सोडूनच द्या. नोकरी, बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं दुचाकीवर चालतं. मुलगी बघायला गेलेल्या ठिकाणी विचारतात, गाडी येते ना? भावाला दोन स्थळं यावरून गेली. 'गाडी येत नाही' याचा अर्थ तिथे 'काहीतरी कमी आहे' असा लावला जातो, आणि काय कमी आहे ते जो तो आपल्या मनाने ठरवतो.

त्यातून आपला सगळा प्रदेश हातावर चालणारा. रोवणीत परे किती झपाट्याने लावते यावर बाईची किंमत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता आला की घरातलं पोरपण पुडे बांधायला बसतं. सत्तर पानं मोजायची, एकावर एक नीट बसवायची, दोरीने आवळायची, की झाला एक पुडा. ज्याची बोटं भराभर चालतात तो शंभर बांधतो, ज्याची अडखळतात तो तीस. फळीवर पैसे पुड्यांवर मिळतात, मेहनतीवर नाही. तीसवाल्याला घरी गेल्यावर 'आळशी' म्हणतात. त्याने शंभरवाल्याइतकाच वेळ उन्हात काढलेला असतो, कदाचित जास्तच.

बायकांचं तर विचारूच नका. पुरुषाला निदान 'धांदरट' म्हणून हसून सोडतात. सुनेच्या हातून दुधाचं पातेलं दोनदा सुटलं की माहेरचा उद्धार होतो. पोळी गोल होत नाही यावरून मोडकळीला आलेली घरं मी बातमीदारीत पाहिली आहेत. तक्रार पोलिसांत जाते तेव्हा कागदावर वेगळंच काहीतरी असतं, पण आत खोदलं की 'हिला काही जमतच नाही' इथून सुरुवात झालेली असते. त्या सगळ्यांना डिस्प्रॅक्सिया होता असं मी म्हणत नाही. त्यातल्या एकीला जरी असेल, तरी तिला ते कोण सांगणार होतं?

इथे कुणी म्हणेल, आता हे एक नवीन खूळ. आधी पोरं वेंधळी होती, आता सगळ्यांना आजार. कामचुकारांना आयतं निमित्त. हा प्रश्न मला बाबांनीच विचारला आणि तो फालतू नाही. उत्तर असं की प्रत्येक वेंधळ्याला डिस्प्रॅक्सिया नसतो. निदान करताना तीन-चार गोष्टी बघतात. अडचण लहानपणापासून आहे का? रोजच्या जगण्यात, शाळेत, कामात तिच्यामुळे खरोखर अडतं का? दुसऱ्या एखाद्या आजाराने, नजरेच्या दोषाने, बौद्धिक अक्षमतेने ती समजावता येते का? येत असेल तर हे नाव लावत नाहीत. आणि एक गोष्ट ठळक सांगतो. चांगल्या चालत्याबोलत्या माणसाच्या हातून मोठेपणी अचानक वस्तू सुटायला लागल्या, तोल जायला लागला, तर तो डिस्प्रॅक्सिया नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, लकवाही असू शकतो.

निमित्ताचं म्हणाल तर भाऊ आजही घरातली सगळी कामं करतो. भांडी स्टीलची आहेत, काचेची नाहीत. चहा तो अर्धाच कप ओततो. चपला वेलक्रोच्या. भाजी चिरायला त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्धा तास आधी बसतो. काम टाळणारा माणूस अर्धा तास आधी बसत नाही.

आमच्या जिल्ह्यांना न दिसणारा आजार समजावून सांगायची गरज पडू नये, खरं तर. सिकलसेल आठवा. माझ्या लहानपणी वर्गात दोन-तीन पोरं अशी असायची की कवायतीला बसून राहायची, हातपाय दुखतात म्हणायची, रोवणीला अर्ध्या दिवसात थकायची. त्यांना काय म्हणायचे? आळशी. नाटकी. अंगचोर. आज त्याच गावांत आशाताई घरोघरी जाऊन सिकलसेलची तपासणी समजावतात. वाहक असेल त्याचं पिवळं कार्ड, आजार असेल त्याचं लाल कार्ड. लग्न जमवताना लोक कार्डं बघतात. २०२३ च्या जुलैत केंद्राने त्यासाठी राष्ट्रीय मिशन काढलं. ज्या म्हाताऱ्या आधी 'काम नको म्हणून पडून राहते' म्हणायच्या, त्याच आता 'सिकल आहे बापा त्याले' म्हणतात. एका पिढीत हा फरक पडला. माणसं काही अचानक दयाळू झाली नाहीत. रक्ताची तपासणी आली, कार्ड आलं, आणि सांगणारी बाई दारात आली.

त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं. बोटं झडलेल्या हातांनी शेती होते, कापड विणलं जातं हे आपल्या आजोबांनी बघितलं. तुटका हात समजून घ्यायला आपण तेव्हाच शिकलो. पाचही बोटं शाबूत असलेला, बाहेरून धडधाकट दिसणारा हात मात्र अजून समजत नाही. डिस्प्रॅक्सियाची अडचण अशी की रक्तात काही सापडत नाही, एक्स-रेत काही दिसत नाही. बघणाऱ्याने वेळ काढून बघावं लागतं.

यात सरकार कुठे आहे? कागदावर आहे, आणि चक्क नावानिशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. जुन्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस झाले. सिकलसेल त्यात आला. विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांच्या जोडीला डिस्प्रॅक्सिया हा शब्द छापलेला आहे. मी स्वतः अनुसूची काढून वाचली. गंमत अशी की त्या व्याख्येची सुरुवात भाषा समजणं, वाचणं, लिहिणं, हिशेब करणं यातल्या अडचणींनी होते, आणि हालचालीच्या अडचणीचं हे नाव शेवटी त्यात टाकून दिलेलं आहे. म्हणजे नाव आहे, पण त्याच्या भोवतीचं वाक्य दुसऱ्याचं आहे.

पुढे २०१८ मध्ये प्रमाणपत्र कसं द्यायचं याच्या सूचना निघाल्या. त्या सूचनांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या वर, मग चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि तेव्हा मिळालेलं आयुष्यभराचं, असं होतं. हे सगळं शाळेतल्या पोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं. बालआरोग्य कार्यक्रमातली तपासणी तीही शून्य ते अठरा वयाची. आता ज्याच्या लहानपणी हा शब्दच गावात पोचला नव्हता, त्याने अडतिसाव्या वर्षी कोणत्या दारात उभं राहायचं?

भाऊ एका सरकारी शिबिरात गेला होता. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन्ही हात दाबून बघितले, म्हणाले, ताकद तर पाचपैकी पाच आहे, तुम्हाला काय झालं? त्याने नागपूरचा कागद दाखवला. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि मानसोपचार विभागाकडे जायला सांगितलं. तिथून सांगितलं, हे लहान मुलांचं असतं. रांगेतला एक जण म्हणाला, "हातपाय तर बरे दिसून राहिले, पेन्शनसाठी आला काय?" त्या माणसालाही दोष देत नाही. खोट्या प्रमाणपत्रांच्या इतक्या बातम्या आम्हीच छापल्या आहेत की आता धडधाकट दिसणारा प्रत्येक जण लोकांना चोर वाटतो.

मी भावाला विचारलं, तुला कशाला पाहिजे ते कार्ड? नोकरी आहे, सवलत नको म्हणतोस. तो म्हणाला, "बाबांना दाखवायला."

मला वाटतं आपल्याकडच्या घराघरांतलं खरं दुखणं इथे आहे. घरचे लोक नागपूरच्या बाईंच्या कागदाला मानत नाहीत, पोराच्या शब्दाला तर नाहीच. मोहोर असलेला सरकारी कागद मानतात. आयुष्यभर सरकारी शाळेत शिकवलेल्या माझ्या बापासाठी तर तोच पुरावा. कायद्यात शब्द छापून पुढचा रस्ता न बांधणं ही नुसती प्रशासकीय चूक वाटते, पण तिच्यामुळे एक म्हातारा आणि त्याचा मुलगा एका घरात राहून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

तारे जमीन पर २००७ ला आला. त्यात मास्तर पोराच्या घरी जाऊन आईबापांना विचारतो, याला बटणं लावायला, नाडी बांधायला, चेंडू झेलायला त्रास होतो का? सगळं थिएटर रडलं होतं. आमच्या घरीही टीव्हीवर बघितला, बाबांनीही डोळे पुसले. भाऊ तिथेच बसला होता, तेव्हा विशी ओलांडलेला. कुणाच्या डोक्यात आलं नाही. सिनेमातला पोरगा आठ-नऊ वर्षांचा आणि गोड असतो. तोच पोरगा दाढीमिशा आल्यावर, पोट सुटल्यावर, वरण सांडवतो तेव्हा कुणाला गोड वाटत नाही.

न्यायालय घरापेक्षा पुढे गेलंय. ज्याला लिहिताना हात आखडायचा अशा विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही, माणसाच्या अडचणीप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे कर्तव्य आहे. त्याच वर्षी अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलं. डिसग्राफिया असून नीटच्या परीक्षेत तिला हक्काचा जादा तास दिला नव्हता, पेपर वेळेआधी काढून घेतला. फेरपरीक्षा नाही मिळाली, पण तिच्यावर झालेला अन्याय दूर करायला न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्यांना बजावलं. वाजवी सोय. फार चांगले शब्द आहेत. परीक्षेच्या हॉलमध्ये ते मागता येतात. स्वयंपाकघरात, पंगतीत, बापासमोर कसे मागायचे?

माझ्या भावाने ते कसं मागितलं तेवढं सांगतो, कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. सुरुवातीला त्याने सगळ्यांना मेंदू समजावायचा प्रयत्न केला. मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले. कुणी ऐकलं नाही. आईला वाटलं आपल्यालाच दोष देतोय, ती रडली. बाबा उठून गेले. मग त्याने समजावणं सोडलं आणि फक्त दोन गोष्टी मागितल्या. एक, माझ्या मागे उभं राहून 'लवकर, लवकर' म्हणू नका. दोन, माझ्या हातातून काम ओढून घेऊ नका.

दुसरी गोष्ट मला आधी कळली नव्हती. आम्ही सगळे त्याला मदतच करत होतो की! ताटाची गाठ सुटत नाहीये, "दे इकडे." सिलिंडरचं रेग्युलेटर लागत नाहीये, "सरक, मी लावतो." तो म्हणाला, "दादा, तुझ्या शिव्या मी विसरलो. पण 'दे इकडे' अजून झोपेत ऐकू येतं." प्रत्येक 'दे इकडे' मध्ये त्याला ऐकू यायचं की तू थांब, तुझ्याने होणार नाही. पंगतीत परवा मी तेच ओरडलो होतो, फक्त शब्द वेगळे.

आई आता थांबते. तिला वेळ लागला, पण एकदा तिने हिशेब लावला की पोरीचं आणि बापाचं सारखंच आहे, म्हणजे यात तिने वळण न लावण्याचा प्रश्न येत नाही, तेव्हापासून ती मोकळी झाली. परवा आत्याला तिने तोंडावर सांगितलं. चाळीस वर्षांनी. भावजयीला कधी समजवावं लागलंच नाही. ती म्हणते, "मी लग्न करून आले तेव्हाच बघितलं, माणूस सावकाश आहे, खोटा नाही." बाबा मानत नाहीत. नातीची वही मात्र ते बघत नाहीत, तिला पट्टीही दाखवत नाहीत. भाऊ म्हणतो, एवढं पुरे.

आता मागणी, कारण पत्रकाराने मागणी केली नाही तर पोस्ट पूर्ण होत नाही. जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे महिन्यातून एक दुपार अठराच्या वरच्यांसाठी उघडा. मोठ्यांची तपासणी तिथेच करा आणि त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे काय हे आपल्याकडे अजून लोकांना माहीत नाही, फिजिओथेरपीच समजतात. याच महाराष्ट्रात, मुंबईच्या केईएममध्ये, कमला निंबकरांनी १९५० मध्ये त्याची शाळा सुरू केली होती. नागपूरच्या मेडिकलमध्ये त्याचं शिक्षण आहे. पंचाहत्तर वर्षांत ते ज्ञान चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्याला पोचायला हरकत नव्हती. राज्यात २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभाग आहे, ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून प्रत्येक वेळी तीनचाकीच वाटली पाहिजे असं नाही. केंद्रप्रमुखांच्या एका बैठकीत एखाद्या थेरपिस्टला बोलावून दोन तास बोलू द्या. आमच्या पोरीच्या शाळेतल्या त्या बाईंना हे कुठून कळलं मला ठाऊक नाही, पण त्यांच्यामुळे दोन माणसांचं निदान झालं, एक आठ वर्षांचं आणि एक छत्तीस वर्षांचं.

आणि एक विनंती. हे वाचताना तुमच्या घरातला, ऑफिसातला कुणी डोळ्यांसमोर आला असेल तर ही पोस्ट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून त्याला टॅग करू नका. आमच्या एका चुलत्याने नागपूरचं निदान कळल्यावर नेमकं तेच केलं होतं, खाली हसण्याच्या बाहुल्यांसकट. त्याला एकट्याला गाठा, आणि आधी तोच काय म्हणतो ते ऐका.

पुढचं लग्न वैशाखात आहे, माझ्याच मोठ्या मुलाचं. वाढायला कोण कुठे, हे ठरवायचं काम मी भावाकडे दिलं आहे. बादली त्याने स्वतः घ्यायची की नाही, ते तो बघेल.